एका तोंडाला एक फडकं

नांदेड,
28 मे 2025

चि. सोनूस,


तुझं पार्लर छान लावलंयस. आरसा उजेडाच्या बाजूला आहे, खुर्ची फिरती आहे, आणि दुकान स्टेशनच्या रस्त्यावर असूनही आत धूळ नाही. पूर्णा गावात मे महिन्यात हे सोपं नाही. ओले टिश्यू फेकायचं बंद करून तू धुऊन पुन्हा वापरायची फडकी आणलीस, तेही मला पटलं. त्या ओल्या टिश्यूंत बऱ्याचदा प्लॅस्टिकचा धागा असतो, ते कुजत नाहीत, नाल्या तुंबवतात आणि महिन्याच्या महिन्याला पैसे खातात ते वेगळंच.

पण त्या फडक्यांचं तू जे चालवलं आहेस, ते मला पटलं नाही. बाथरूमच्या दारामागे एकाच लोखंडी खिळ्यावर सगळी एकावर एक टांगलेली. वरचं वाळलेलं, मधली दमट, भिंतीला लागलेलं अगदी ओलं. मी दुकानात आले तेव्हा बायका बसल्या होत्या म्हणून बोलले नाही. फोनवर सांगावं तर तू “हो मावशी, हो मावशी” म्हणतेस आणि तेवढ्यात कुणाच्या तरी भुवया करायच्या असतात. म्हणून हे पत्र. हाताखालच्या मुलीलाही वाचायला दे, कारण धुणं शेवटी तिच्याच वाट्याला येणार.

माझी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यांत सिस्टर म्हणून गेली. दवाखान्याची निम्मी स्वच्छता कपड्यांच्या खोलीत ठरते, हे डॉक्टरांना उशिरा कळतं आणि सिस्टरला पहिल्या महिन्यात. त्या अधिकाराने लिहिते आहे.

चेहरा पुसल्यावर फडक्यावर काय काय येतं ते बघ. कातडीचं तेल, मेलेली कातडी, घाम, क्रीम, पावडर, काजळ, उन्हाचं मलम आणि वर पाणी. जंतूंना आणखी काय हवं? पुळ्या-फोड करणारा स्टॅफिलोकोकस सुती कापडावर कित्येक दिवस जिवंत राहतो. फडकं चेहऱ्याला लागून जेवढं खराब होतं, त्याहून जास्त ते नंतर ओलं पडून राहिल्याने होतं. रात्रभर दारामागे दमट राहिलेलं फडकं सकाळी दुसऱ्या बाईच्या गालावर फिरवणं म्हणजे आदल्या दिवशीचं सगळं वाढवून तिला देणं.

तू म्हणशील, मी रोज धुते. धुतेस, मान्य. पण धुतलेल्या कोरड्या फडक्याला वास नसतो आणि कोमट पाण्यात बुडवलं की कुबट वास येतो, हे तू पाहिलं असशील. 2012 मध्ये जपानी संशोधकांनी या वासाचा माग काढला. मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जंतू कापडात राहिलेल्या तेला-घामावर जगतो आणि वासाचं आम्ल तयार करतो. हा जंतू वाळल्याने किंवा उन्हाने सहजासहजी मरत नाही, नुसता गप्प बसतो. पाणी लागलं की पुन्हा कामाला लागतो. म्हणून फडकं पारखायचं तर कोरडं हुंगू नकोस, ओलं करून हुंग. वास आला तर ते धुतलेलं नाही, नुसतं पाण्यातून काढलेलं आहे.

आता कापड. तुझी ती गुलाबी मखमली फडकी मायक्रोफायबरची आहेत, म्हणजे पॉलिएस्टर आणि नायलॉनचे चिरून बारीक केलेले धागे. तेल फार चांगलं ओढतात, यात शंका नाही. तीच अडचण आहे. ओढलेलं तेल सोडायला त्यांना गरम पाणी आणि भरपूर साबण लागतो. पण उकळलं तर धागा बिघडतो, इस्त्री चालत नाही, क्लोरीनचं ब्लीचही चालत नाही. घरी एकटीने वापरायला ती ठीक आहेत. दिवसाला आठ-दहा तोंडं पुसणाऱ्या दुकानात मला उकळता येईल असंच कापड हवं. ते म्हणजे साधं, पांढरं, पातळ सुती. टर्किश टॉवेलचे तुकडेही नकोत. त्याच्या फासांमध्ये क्रीम अडकतं आणि पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस वाळत नाही.

आपल्याकडे यासाठी पंचा होता आणि आहे. पातळ, मऊ, पाणी पिणारा, तासाभरात वाळणारा. नाहीतर मलमल घे. नांदेडला आलीस तर मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या भांडारात जाऊ. 1967 पासूनची संस्था आहे, त्यांच्या उदगीरच्या केंद्रात राष्ट्रध्वजाचं कापड विणलं जातं. आपल्याला ध्वजाचं जाड कापड नको, पातळ खादी हवी. मीटरभर पन्ह्याचं मीटरभर कापड घेतलं की 25 सेंटिमीटरचे 16 चौकोन निघतात. तीन मीटरांत 48. दिवसाला आठ गिऱ्हाइकं आणि प्रत्येकीला दोन फडकी धरली तर रोज 16 लागतात, म्हणजे तीन दिवसांचा साठा झाला: एक दिवसाची वापरात, एक दिवसाची धुण्यात, एक दिवसाची कपाटात. पावसाळ्यात हा तिसरा दिवसच तुला तारून नेईल. लग्नसराईत आणखी दोन मीटर फाड.

शिवताना कडा एकदाच दुमड. दुहेरी दुमडलेली जाड कड मध्यभाग वाळला तरी ओलीच राहते. लेस, नाव विणणं, कोपऱ्याला फुलं, काही नको. आणि कोरं कापड लगेच वापरायला काढू नकोस. त्यात खळ असते, पाणी ते पीतच नाही, वरून घरंगळतं. सोडा टाकून एकदा उकळून घे, मग बघ कसं मऊ पडतं. पांढरंच का, तर मळ दिसावा म्हणून. शिवाय तुझ्या चेहऱ्याच्या ब्लीचमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, ते रंगीत कापडावर ठिपके पाडतं.

धुण्याचं आता नीट वाच, कारण खरी गोम पूर्णेच्या पाण्यात आहे. तुझ्या बोअरचं पाणी किती जड आहे ते गिझरच्या कांडीवर चढलेल्या पांढऱ्या थरावरून कळतं, डाळ शिजायला लागणाऱ्या वेळावरूनही कळतं. मराठवाड्यातल्या काळ्या पाषाणातून झिरपून आलेल्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण अशा पाण्यात फेस करायच्या आधी या क्षारांशी जुळतो आणि चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो राखाडी थर बसतो, तोच. तो फडक्याच्या धाग्यांत बसला की फडकं कडक होतं, करडं दिसतं, आणि चेहऱ्याचं तेल त्याच्याखाली कोंडून राहतं. मग आपण साबण वाढवतो, साका आणखी वाढतो. तुझ्या हाताखालच्या मुलीने साबण कमी घातला म्हणून फडकी खराब झालेली नाहीत, उलट तिने जास्तच घातला असेल.

यावर उपाय धुण्याचा सोडा. खायचा नव्हे, धुण्याचा. किराणा दुकानात सुटा मिळतो, स्वस्त असतो. बादलीभर पाण्यात चमचा-दोन चमचे आधी विरघळव, मग साबण किंवा पावडर घाल. सोडा पाण्यातला चुना खाली बसवतो आणि तेलही सैल करतो. मुलीला हातमोजे दे, सोड्याने हात फुटतात. वडीच्या साबणापेक्षा जड पाण्यात डिटर्जंट पावडर बरी चालते, पण ती मोजून. चेहऱ्याला लागायचं कापड आहे. त्यात राहिलेली पावडर आणि तिचा वास, दोन्ही कातडीला झोंबतात. खळबळायचं पाणी फेस दिसेनासा होईपर्यंत बदलायचं. तीन पाणी तरी होतातच.

आणि एक गोष्ट ताबडतोब बंद कर. आर.ओ.च्या नळीतून वाया जाणारं पाणी वाचवायचं म्हणून तू बादलीत धरतेस आणि त्यात फडकी धुतेस. पाणी वाचवण्याची सवय चांगली. आपल्या भागात ती असलीच पाहिजे. पण त्या पाण्यात गाळून काढलेले सगळे क्षार एकवटलेले असतात, ते बोअरच्या पाण्याहूनही जड असतं. त्याने फरशी पूस, संडासात टाक. फडक्यांसाठी पावसाळ्यात पागोळ्याचं पाणी धर. त्यात डाळ लवकर शिजते आणि साबण लगेच फेसाळतो, हे तुझ्या आजीला ठाऊक होतं. पाणी मऊ असतं एवढंच त्याचं कारण. पहिल्या दोन सरी जाऊ द्यायच्या, छतावरची धूळ आणि चिमण्यांची घाण धुऊन जाते, मग पिंप लावायचं. तुरटीने मात्र हे काम होत नाही. तुरटी पावसाळ्यातला गढूळपणा खाली बसवते, जडपणा घालवत नाही.

फडक्यांवर आधीच साका बसला असेल तर पंधरा दिवसांतून एकदा अर्धी बादली पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून अर्धा तास भिजव आणि खळखळून काढ. पुन्हा मऊ होतील. फक्त लिंबूसत्त्व आणि धुण्याचं ब्लीच कधीही एका बादलीत येऊ देऊ नकोस. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, आणि तुझ्या त्या बिनखिडकीच्या मोरीत तो जिवावर बेतेल. सोडा आणि लिंबूसत्त्व एकत्र घातल्याने फसफस छान होते, पण दोघं एकमेकांना मारतात आणि कापडाला काहीच मिळत नाही. मोबाइलवर ती फसफस दाखवून लोक वाहवा मिळवतात. तू त्या नादी लागू नकोस.

डागांपैकी काजळ आणि लिपस्टिक मेणकट असतात, त्यांना पाणी शिवत नाही. भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब कोरड्या डागावरच चोळ, मग भिजव. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, मुली घाबरतात. घाबरू नये, साबणाच्या खारामुळे तो रंग बदलतो. धुऊन कडक उन्हात टाकायचं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. लग्नाच्या हळदीनंतर क्लीनअपला येणाऱ्या नवऱ्यामुलींची फडकी मी तर वेगळीच ठेवीन. उन्हाच्या मलमाचा डाग जरा विचित्र आहे. काही मलमांत अव्होबेन्झोन असतं, ते पाण्यातल्या लोहाशी जुळून केशरी-तांबूस डाग पाडतं. लोक तो गंज समजून ब्लीच ओततात आणि डाग आणखी पक्का होतो. त्यावर लिंबूसत्त्व चालतं. दारामागचा तो गंजका खिळा काढून टाक, हे सांगायला नकोच.

आता ज्यावर तू पैसे घालवतेस त्या गोष्टी. सुवासिक सॉफ्टनर बंद. तो धाग्यावर चिकट पातळ थर चढवतो, फडकं हाताला मऊ लागतं आणि पाणी ओढेनासं होतं. नीळ बंद, नीळ पिवळेपणा झाकते, मळ काढत नाही. जंतुनाशकाचे दोन थेंब शेवटच्या पाण्यात टाकून दुकानात दवाखान्याचा वास आणायचा, तेही बंद. तेलकट कापडात त्याचा प्रभाव उतरतो, आणि रुग्णालयाचा वास म्हणजे स्वच्छता नव्हे, हे मी तुला आयुष्यभराच्या नोकरीच्या जोरावर सांगते.

जंतू मारायचे तर उष्णतेने. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत रुग्णालयाचे कपडे धुण्याचा दंडक आहे: 65 अंशांना 10 मिनिटं किंवा 71 अंशांना 3 मिनिटं. तुझं वॉशिंग मशीन थंड पाण्याचं. ते गिझरच्या पाण्याने भरलंस तरी कापड पडेपर्यंत ते निवतं. पण तुझ्याकडे गॅस आहे आणि जुनं पातेलं आहे. धुतलेली फडकी पाण्यात बुडवून उकळी आल्यावर दहा मिनिटं ठेवलीस की दंडकाच्या कितीतरी पुढे गेलीस. आधी धुवायचं, मग उकळायचं. मळकं फडकं उकळून काही साधत नाही. जुने परीट भट्टी लावायचे ती सोड्याच्या वाफेची. आपलं पातेलं त्याचंच धाकटं रूप. रोज उकळणं जमलं नाही तर दोन दिवसांची धुतलेली दिवसाआड एकदम उकळ, पण उकळल्याशिवाय वापरू नकोस. पण गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर पुळ्या असतील, त्या दिवशीची फडकी त्याच रात्री उकळलीच पाहिजेत. पातेलं त्या कामालाच ठेव, पुन्हा चहाला घेऊ नकोस.

गॅस संपला असेल तर पांढऱ्या सुती फडक्यांना धुण्याचं ब्लीच चालतं. पाच टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्यात 20 मिलिलिटर, दहा मिनिटं, आणि मग भरपूर पाण्याने खळबळणं. रोजचं म्हणून नको, कापड विरतं.

आणि मग ऊन. पूर्णेच्या गच्चीवर आत्ता अकरा वाजता पाय ठेववत नाही, असं ऊन दुसरीकडे लोक पैसे देऊन मागतील. दोरीवर फडकी एकेक, पसरून, चिमट्याने लाव. एकावर एक नाही, घडी नाही, बाथरूममध्ये तर अजिबात नाही. वाळून खडखडीत झाली की लगेच उतरव, नाहीतर संध्याकाळच्या वावटळीत पुन्हा धूळ खातील. घडी घालून झाकणाच्या डब्यात. पण पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात घातलीस तर सगळी मेहनत पाण्यात जाते. हातात घेतल्यावर थंड लागलं तर ते अजून ओलं आहे, ही साधी खूण.

पंधरवड्यात मृग लागेल. मग ऊन नाही. श्रावणात झडीचे दिवस येतात, वीज जाते, घरभर दोऱ्या बांधाव्या लागतात. तेव्हा पंख्याखाली पातळ कापड चार तासांत वाळतं, आणि राहिलेला ओलावा इस्त्रीने मारायचा. सुती कापडाच्या खुणेवर इस्त्री 180-200 अंशांच्या घरात तापते, तिच्यापुढे जंतू सहसा टिकत नाहीत. वीज नसेल तर कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची कोळशाची इस्त्री आहेच. त्याला नगावर नाही, पिशवीवर पैसे ठरवून दे. पातळ पंचा घे म्हणून मी एवढा हट्ट धरला तो याच दिवसांसाठी.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले ती गोष्ट. एका तोंडाला एक फडकं. मग ते कितीही स्वच्छ दिसो, पुन्हा पातेल्यातून गेल्याशिवाय दुसऱ्या तोंडाला नाही. तुझ्या टेबलावर ते दोन पिवळे स्पंज आणि पाण्याचा वाडगा होता. एकीचा चेहरा पुसला, वाडग्यात पिळला, दुसरीचा पुसला, त्याच वाडग्यात पिळला. सगळीकडे असंच करतात, असं तू म्हणशील. करतात. स्पंज आतून कधी वाळत नाही आणि उकळल्यावर त्याचा चोथा होतो. ते आजच फेक.

एका फडक्याने किती नुकसान होतं याचं सगळ्यांत मोठं उदाहरण डोळ्यांचं आहे. आमच्या प्रशिक्षणात खुपऱ्यांवर, म्हणजे ट्रॅकोमावर, वेगळा तास असायचा. पापण्या आतून खरबरीत होतात, मग आत वळतात, केस बुबुळावर घासतात आणि माणूस आंधळा होतो. हा रोग पसरतो कसा? बोटांनी, माश्यांनी, आणि एकाच फडक्याने किंवा पदराने घरातल्या सगळ्या पोरांची तोंडं पुसल्याने. भारताने 1963 मध्ये त्याच्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. 1971 मध्ये देशातल्या अंधत्वापैकी 5 टक्के अंधत्व या एका रोगाचं होतं. आता ते एका टक्क्याच्याही खाली आहे, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उरला नाही असं जाहीर केलं. त्या लढाईत औषधं होती, शस्त्रक्रिया होत्या, आणि त्यांच्या बरोबरीने “चेहरा स्वच्छ ठेवा” हेही एक कलम होतं. साठ वर्षांत देशाने जे मिटवलं, त्याची वाट आपल्या दुकानातून पुन्हा काढायची नाही.

खुपऱ्या गेल्या, पण डोळे येणं गेलेलं नाही. 2023 च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर साथ आली होती, शाळाच्या शाळा लाल डोळ्यांनी बसल्या होत्या. अशा दिवसांत लाल डोळ्यांनी आलेलं गिऱ्हाईक हसून परत पाठव. पैसे बुडत नाहीत, आठवड्याने तीच येते. गजकर्णाचंही तेच. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडचं गजकर्ण हट्टी झालं आहे; 2020 मध्ये त्यातल्या एका बुरशीला ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नावच देण्यात आलं, ती नेहमीच्या औषधांना नीट दाद देत नाही. लोक दुकानातून तीन-चार औषधांची मिसळ असलेली मलमं आणून लावतात, त्यात स्टिरॉइड असतं, खाज थांबते आणि रोग पसरतो. मानेवर, कानामागे, कपाळाच्या कडेला गोल, कडेने उठलेला चट्टा दिसला की फेशियल करू नकोस. त्वचेच्या डॉक्टरकडे पाठव. ही बुरशी कापडावर टिकते आणि थंड पाण्याच्या धुण्याला पुरून उरते.

ब्लॅकहेड काढताना किंवा थ्रेडिंगला रक्ताचा थेंब आला तर फडकं लावूच नकोस. कापसाचा बोळा घे आणि फेकून दे. चुकून लागलंच तर ते फडकं वेगळं काढून आधी थंड पाण्यात; गरम पाण्याने रक्त धाग्यात पक्कं बसतं. मग धुणं, मग उकळणं. थ्रेडिंगचा दोरा तू दातांत धरतेस तो भाग मी आज सोडून देते, त्यावर वेगळं पत्र लिहावं लागेल.

हे सगळं जास्त वाटत असेल तर पूर्णा जंक्शनवरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघ. वातानुकूलित डब्यात चादरी, उशीचा अभ्रा आणि छोटा नॅपकिन मिळतो. एका प्रवाशाने वापरला की तो धुलाईला जातो, दुसऱ्याला दिला जात नाही. ब्लँकेट महिन्यातून निदान एकदा धुतलं जातं, असं रेल्वेमंत्र्यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये लोकसभेत सांगितलं, तेव्हा लोक किती चिडले! अंगावर घ्यायच्या ब्लँकेटवर इतकं बोलणारी माणसं चेहऱ्यावर फिरणाऱ्या फडक्याबद्दल पार्लरमध्ये चकार शब्द काढत नाहीत. संकोच वाटतो. पण घरी जाऊन पुळी आली की पार्लरचंच नाव निघतं.

वापरलेली फडकी कुठे टाकायची, हा प्रश्न तू विचारला होतास. झाकणाच्या बादलीत नाही, आणि रात्रभर साबणात भिजत तर मुळीच नाही. सकाळपर्यंत त्या पाण्याला आंबूस वास येतो. भोकं असलेली प्लॅस्टिकची टोपली खुर्चीच्या मागे ठेव, हवा लागू दे, आणि दुकान बंद करायच्या आधी धुऊन घे. घरच्या कपड्यांबरोबर, मोज्यांबरोबर, पोराच्या दुपट्यांबरोबर ती कधी मशीनमध्ये घालू नकोस. धुतलेल्यांचा डबा आणि वापरलेल्यांची टोपली एकमेकांपासून दोन हात लांब. शंका आली की ते टोपलीत. डब्यात परत जायचं नाही.

शेवटी कातडीबद्दल दोन शब्द, कारण तू जोरात पुसतेस. फडकं कोमट पाण्यात भिजवून पिळून आधी चेहऱ्यावर नुसतं ठेव. तेल आणि काजळ सैल होतं. मग वरून खाली नाही, मध्यावरून कानाकडे, टिपत टिपत. डोळ्यांसाठी फडक्याची वेगळी कड, आणि एका डोळ्याची कड दुसऱ्याला नाही. पुळ्या असलेल्या चेहऱ्यावर फडक्याने घासलं की त्या वाढतात. तिथे बोटांनीच धुवायचं आणि फडक्याने फक्त पाणी टिपायचं.

तुझ्या आईला सांग, गुडघ्याच्या गोळ्या जेवणानंतरच घ्यायच्या. आणि तुमच्या घरी चौघांत मिळून एकच नॅपकिन मोरीवर लटकत असतो, तोही आता चौघांचे चार कर.

तुझी,
मावशी

ता. क. – मजुरी, गॅस आणि सोडा धरून क्लीनअपचा दर दहा रुपयांनी वाढव. कुणी विचारायच्या आधीच भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव: “प्रत्येकीसाठी वेगळं, उकळलेलं फडकं.” एकदा लिहिलंस की पोळ्याच्या झडीतही ते पाळायचं. न जमणाऱ्या दिवशी दुकान लवकर बंद कर, पण शिळं फडकं काढू नकोस.